पान एक्केचाळीस

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि या शतकाची पाळी माझ्यावर आली. ही बढाई नव्हे. बढाई मारायला समोर बरोबरीचं कुणीतरी लागतं. अठ्ठावीस वर्षं मी घरोघरचे विजेचे मीटर वाचले. ज्या माणसाने इतकी वर्षं लोकांच्या जिन्याखाली, दारामागे आणि चपलांच्या कपाटात डोकं घालून बिनचूक आकडे टिपले, त्याला माणसाच्या मनात डोकं घालायला कितीसा वेळ लागणार? निवृत्त झालो आणि तपासाचं काम अंगावर घेतलं. आजवर चार प्रकरणं हाताळली. तीन प्रकरणांत मी गुन्हेगारापर्यंत पोचायच्या आत हरवलेली वस्तू सापडली, आणि चौथ्यात वस्तू हरवलीच नव्हती. यात माझ्या पद्धतीचा दोष नाही.

माझी सहायक म्हणजे माझी बायको. सहायक म्हणजे ती पिशवी धरते, आणि मी विचार करत असलो की मध्येच बोलते.

प्रकरण आलं ते तिच्याच माहेरून. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मेव्हणी, पुस्तकांचं दुकान चालवते. सगळे तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. दुकानात दोनच प्रकारची पुस्तकं मिळतात: ज्या गोष्टी घडणं शक्य नाही त्यांची आणि ज्या घडू नयेत त्यांची. डाव्या भिंतीला अंतराळयानं आणि यंत्रमानव, उजव्या भिंतीला चेटकिणी, राक्षस आणि उडते घोडे. गिऱ्हाईक बहुतेक चाळिशीतले बाप्ये. घरचा गळका नळ यांना बंद करता येत नाही, पण आकाशगंगेचा कारभार कसा चालवावा यावर काउंटरला टेकून तासभर बोलतील.

दुकानाच्या दारातच एक फळा आहे. त्यावर कायमच्या रंगात लिहिलंय, ‘आमची माणसं काय वाचतात’. खाली दुकानातली तिन्ही माणसं आपापल्या पुस्तकाचं नाव आणि दोन ओळींत मत खडूने लिहितात. नियम ताईचे, आणि कडक. एका वेळी एकच पुस्तक. ते संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. संपल्याशिवाय मत लिहायचं नाही, आणि लिहायचं ते खरंच. मागे एका जाडजूड कादंबरीबद्दल काउंटरवरच्या माणसाने लिहिलं होतं, ‘पहिल्या पानावर सूर्य विझतो. लेखकाने तिथेच थांबायला हवं होतं.’ त्या कादंबरीचा गठ्ठा अजून गोदामात आहे. पण लोक येतात ते त्या फळ्यासाठी, असं ताई म्हणते. मला तो फळा म्हणजे तीन नोकरांना चढवून ठेवण्याचा प्रकार वाटतो.

“सहा आठवडे फळा कोरा आहे,” ताई आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. “तिघंही काहीतरी वाचतायत. विचारलं की म्हणतात, चाललंय. माझ्याकडे बघत नाहीत. ही तिघं सोडून जायच्या बेतात असतील तर मी दुकान बंद करेन, दुसरी माणसं आणून मला ते जमायचं नाही.”

मी वही काढली आणि ते नेमकं काय वाचतात असं विचारलं. तिघांकडे एकसारख्या जाड, तपकिरी पुठ्ठ्याच्या, तारेने बांधलेल्या प्रती आहेत, असं ती म्हणाली. कुठून आल्या म्हटल्यावर “आल्या असतील कुठून तरी” म्हणाली आणि टेबलावरचे सरळ ठेवलेले चमचे पुन्हा सरळ केले. मग मलाच विचारू लागली, तुम्ही लक्ष ठेवाल तेव्हा ते वाचताना हसतात का बघाल का? कुठे थांबतात? चेहरा कसा होतो? मी तिला समजावलं की तपासाला पुरावे लागतात, चेहरे नाही. सात वर्षं रोज दुपारी दोन तास मागच्या खोलीत दार लावून बसणाऱ्या बाईला तपासातलं काय कळणार.

दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाईक बनून दुकानात शिरलो. वेशांतर म्हणून टोपी उलटी घातली होती. संशयित तीन. पहिला काउंटरवरचा दाढीवाला, दुकानात एकोणीस वर्षं. कुठलंही पुस्तक मागा, हा आधी तुमच्याकडे असं बघतो की तुम्ही त्या पुस्तकाच्या लायकीचे नाहीच. दुसरी चष्मेवाली, दोन मुलांची आई, मागणीपत्रं तीच लिहिते आणि चुकीच्या भिंतीला पुस्तक लावलेलं दिसलं तर तिला दिवसभर जेवण गोड लागत नाही. तिसरा गोदामवाला. हा बोलत नाही. अकरा वर्षांत त्याने चार वाक्यं बोलल्याची नोंद आहे, आणि त्यातली दोन ‘सरका’ अशी होती.

पहिल्याच तासात मला धागा मिळाला. दाढीवाल्याच्या खिशातून मोजपट्टीचं टोक बाहेर आलं होतं, सोबत आकड्यांची चिठ्ठी. उघड होतं. तिघं मिळून नवं दुकान थाटणार, कपाटांची मापं घेतलेली, आणि तपकिरी प्रती म्हणजे त्या कटाचा आराखडा. चिठ्ठीवर ‘खिडकी, झालरीसकट’ असं लिहिलंय, ते पडद्याचं माप आहे, असं बायको म्हणाली. मी म्हटलं, मुरलेला गुन्हेगार झालर लिहितोच.

पण ताईला हे सांगितल्यावर तिने मला प्रतीत डोकावलात का एवढंच विचारलं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तिन्ही प्रती तपासल्या. मजकूर वाचण्यात मी वेळ घालवला नाही, तो कुणीही वाचतो. मी खुणेच्या कागदी पट्ट्या बघितल्या. तिन्ही पट्ट्या पान एक्केचाळीसवर. दुसऱ्या दिवशी, एक्केचाळीस. चौथ्या दिवशीही एक्केचाळीस. वाचणाऱ्या माणसाची खूण पुढे सरकते हे शेंबड्या पोरालाही कळतं. न सरकणारी खूण म्हणजे संकेत. चार अधिक एक पाच. आणि रोज बरोब्बर पाच वाजता तिघं मागच्या दाराशी जमून हळू आवाजात बोलत होते.

“चहा पितात ते,” बायको म्हणाली.

“तिघांनी एकाच वेळी चहा प्यायचं कारण काय?”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सहाव्या दिवशी प्रकरणाने गंभीर वळण घेतलं. गोदामवाला खोक्यांवर आडवा पसरलेला सापडला, प्रत छातीवर, तोंड उघडं. जिवंत होता, घोरत होता. थोड्या वेळाने चष्मेवालीने प्रत उघडली. तिसऱ्या मिनिटाला तिला जांभई, पाचव्या मिनिटाला चष्मा नाकाच्या टोकावर. दाढीवाला तर उभ्यानेच डुलत होता आणि गिऱ्हाईकाने हाक मारल्यावर दचकून त्याने शिल्लक पैशांऐवजी खडू दिला. मी तीन माणसांच्या डोळ्यांवरची झोप आणि तीन प्रती यांची मनात बेरीज केली आणि माझ्या अंगावर काटा आला.

खात्रीसाठी मी जिवाची पर्वा न करता प्रयोग केला. दुपारी ताईच्या मागच्या खोलीत बायकोचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून बसलो आणि पान पहिलं उघडलं. कुठल्याशा ग्रहावरच्या सिंहासनाची लांबी, रुंदी, उंची आणि ते कुठल्या दगडाचं आहे याची चर्चा होती. दगडाचे प्रकार सुरू झाले इतकंच मला आठवतं. जागा झालो तेव्हा सव्वापाच वाजले होते आणि बायको शेजारी बसून तीच प्रत वाचत होती, मोजे न घालता. मी तिला हात धुवायला सांगितलं.

शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी सगळ्यांना फळ्यासमोर उभं केलं. ताईला स्टुलावर बसवलं. बातमी ऐकून ती पडली असती.

“या प्रतींच्या पानांना गुंगीचं औषध लावलेलं आहे,” मी म्हणालो.

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी थांबलो नाही. सगळा कट उलगडून सांगितला. आधी दोघा साथीदारांना झोपवायचं, मग मालकिणीला, मग मोजपट्टी घेऊन दुकान ताब्यात घ्यायचं. आणि गुन्हेगार कोण, तर ज्याच्या हाताखालून प्रत्येक पुस्तक जातं तो, एकोणीस वर्षं विश्वास संपादन करून बसलेला हा दाढीवाला. मी बोट दाखवलं. दाढीवाल्याने माझ्या बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ताईकडे बघत होता, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात आरोपी इतका केविलवाणा दिसलेला मी पाहिला नव्हता.

“अहो, बसा खाली,” बायको म्हणाली. “औषध-बिषध काही नाही. मी साठ पानं वाचली, दोन कप चहा पिऊन. गुंगी कागदात नाही, मजकुरात आहे. पुस्तक इतकं कंटाळवाणं आहे की कुणाला पुढे जाववत नाही. संपत नाही म्हणून दुसरं घेता येत नाही, आणि म्हणून फळा कोरा. त्यात काय शोधायचंय?”

तिला वाटलं होतं सगळे हसतील. कुणी हसलं नाही. चष्मेवालीने डोळे मिटून घेतले.

“कंटाळवाणं?” ताईने विचारलं.

हा प्रश्न तिने ज्या आवाजात विचारला तो ऐकून माझी बायको गप्प झाली, आणि ही घटना आमच्या संसारात पहिलीच. तिने बहिणीकडे नीट पाहिलं.

“ताई, तू लिहिलंयस?”

ताईने मान डोलावली. सात वर्षं लिहीत होते, म्हणाली. नाव न घालता तिघांच्या जागेवर एकेक प्रत ठेवली, म्हणजे ही तिघं खरं काय ते फळ्यावर लिहितील. रोज सकाळी दार उघडताना आधी फळा बघायचे. मला ते ऐकून कसंतरी झालं. म्हणजे राग आला. तपास सोपवताना एवढी माहिती लपवायची असते का?

“आम्हाला दुसऱ्याच पानावर कळलं, बाई,” दाढीवाला म्हणाला. “ती सम्राज्ञी सेनापतीला म्हणते, वस्तू जागच्या जागी ठेवली की शोधावी लागत नाही. तुम्ही आम्हाला रोज म्हणता. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिसऱ्या दिवशी वाईट म्हणून लिहिलं असतं आणि मोकळे झालो असतो. तुमचं होतं म्हणून सहा आठवडे उचलून फिरतोय. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहवत नाही.”

“एक्केचाळिसाव्या पानावर काय आहे?” ताईने विचारलं.

“सम्राज्ञी राज्याचे नियम वाचून दाखवते,” चष्मेवाली म्हणाली. “सत्तेचाळीस आहेत.”

“मला तो भाग फार आवडायचा.”

रस्त्यावर एक गिऱ्हाईक काचेला नाक लावून आत बघत होतं. दुकानाची वेळ होऊन गेली होती, आणि या बाईने वेळेवर दार उघडलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. ती उठली आणि तिने दोन प्रती काढून घेऊन खणात कुलूपबंद केल्या. आता हे लिहिणं-बिहिणं पुरे, तुम्ही उद्यापासून तुमची पुस्तकं घ्या, असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. गोदामवाल्याची प्रत तिने ओढली, पण त्याने ती सोडली नाही.

“दोनशे सातपासून चांगलं आहे,” गोदामवाला म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो.

“मी नियम मोडला. मधली पानं टाकून पुढे गेलो. खूण एक्केचाळीसवरच ठेवली, तुम्ही रागवाल म्हणून. दोनशे सातला ती होडीवाली बाई येते. मेलेल्या माणसांना पलीकडे नेते आणि प्रत्येकाला विचारते, घरातला दिवा बंद केलास का. तिथून मला झोप आली नाही. रात्री जागून दोनदा वाचलं.”

“दोनदा?”

“शेवटी तिला बुडवलीत ते नाही आवडलं. तिने काय वाकडं केलं होतं कुणाचं?”

दाढीवाला चिडला. पुढचं सांगून टाकलंस, आता आम्ही काय वाचायचं, असं म्हणाला. ताई प्रतीचं एक टोक धरून तशीच उभी होती. मग तिने ती उघडली आणि पहिली दोनशे सहा पानं दोन्ही हातांनी धरून तारेतून उपटली. सिंहासन, दगड, सत्तेचाळीस नियम, सगळं खाली पडलं. सात वर्षांतली चार तरी गेली असतील. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

“नाही बुडणार,” ती म्हणाली. “बदलते मी शेवट.”

“मग मला शेवट सांगू नका,” चष्मेवालीने हात पुढे केला. “दोनशे सातपासूनची पानं द्या इकडे. जेवायच्या सुट्टीपर्यंत वाचून होतील.”

दाढीवाला म्हणाला की काउंटर त्याचा आहे, तेव्हा आधी त्याला. गोदामवाला म्हणाला की प्रत त्याची आहे. दार अजून कुणी उघडलं नव्हतं. मी दोनदा खाकरलो, पण गुन्हेगार कोण हे कुणी विचारलं नाही, आणि फाटक्या पानांवर पाय पडेल, जरा बाजूला व्हा, असं बायकोने मला सांगितलं.