कांबळेकाकांचं मटेरियल फॅक्ट

आमच्या मजल्यावरचे कांबळेकाका वाटीभर खीर घेऊन आले, तरी ती हातात देण्याआधी तिचे दोष सांगतात. "साखर जास्त पडलीय. दूध तळाला लागलं होतं. वेलची जुनी आहे. आता घ्यायची तर घ्या." एवढं ऐकून खीर घेणारा माणूस शूरच म्हणायचा. मी दर वेळी घेतो.

या खोडीचं मूळ विम्याच्या पॉलिसीत आहे. काकू आजारी पडल्या तेव्हा क्लेम नाकारला गेला, कारण पॉलिसी काढताना त्यांचं बीपी एजंटने सांगितलंच नव्हतं. काकू त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. पुढे काका भिंग घेऊन अख्खी पॉलिसी वाचत बसले आणि एकच शब्द घेऊन उठले: मटेरियल फॅक्ट.

"म्हणजे काय हो काका?" मी विचारलं.

"जे कळलं तर समोरचा आपला विचार बदलू शकतो, ते. विम्यात ते दडवलं की सगळं बोंबललं! आपण आधीच सांगून मोकळं व्हायचं."

नवघरच्या आमच्या बिल्डिंगला हे फार महागात पडलं. सेक्रेटरी मेहताभाई काकांच्या शेजारचा फ्लॅट दाखवायला गिऱ्हाईक आणत, की काका दारात हजर. "पाणी जोरात येत नाही. लिफ्ट मूडवर चालते. वरचे लोक पहाटे मिक्सर लावतात. आणि शेजारी मी राहतो."

"कांबळेजी, आप अंदर बैठो ना, प्लीज!" मेहताभाई हात जोडत.

"आज छुपाओगे तो कल वो तुम्हारा गला पकडेगा," काका त्यांना कायदा शिकवत. तो फ्लॅट अजून रिकामाच आहे.

खरी धास्ती होती ती त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, प्रज्ञाला. तिचं ऑफिसातल्या सिद्धार्थशी जमलं होतं आणि त्याला घेऊन त्याचे आईवडील बोलणी करायला येणार होते. "दादा, तुम्ही बाबांच्या शेजारी बसा. तोंड उघडलं की बिस्कीट कोंबा," तिने मला बजावलं.

मी पुडा फोडूनच बसलो. पण चहा यायच्या आतच काका सुरू झाले. "मुलगी घोरते. पोळी गोल येत नाही. रागावली की बोलत नाही, भांडी आपटते."

आतल्या खोलीतून एक उशी आली आणि काकांच्या खांद्यावर आदळली.

"हेही धरा त्यात," काका म्हणाले.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. आता हे लग्न मोडतंय, या भीतीने मी दोन बिस्किटं एकदम उचलली. तेवढ्यात सिद्धार्थच्या आई हसू दाबत म्हणाल्या, "आमचा पण घोरतो. अजून काही राहिलंय का सांगायचं?"

"एक राहिलंय." काका थांबले. मी पुढे केलेली बिस्किटं त्यांनी नुसतीच हातात धरली. "ही गेली की घरात मी एकटा. मला एकट्याला जेवण जात नाही. ही कामाला पुण्याला गेली होती तेव्हा बघितलंय मी. म्हणजे मी तुमच्याकडे येत राहणार. सारखा येणार. नंतर म्हणाल, हे आधी का नाही सांगितलं."

प्रज्ञा दारात येऊन उभी राहिली होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. मी बिस्किटांचा पुडा खाली ठेवला.

सिद्धार्थचे वडील आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कांबळेसाहेब, आम्ही आठला पानावर बसतो. त्याच्या आधी येत जा. मला भूक आवरत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."