सिरिलचं गुलाबी हरीण

"हरणाचं मांस शिजवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, मिलेना! तू फक्त बघत राहा!" असं सिरिलने शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं. माणसाने मुळात बढाई मारू नये. मारायचीच असेल, तर निदान तीस वर्षं रोज आपल्याला जेवायला घालणाऱ्या बायकोसमोर तरी मारू नये!

सिरिल आमच्या गावचा निवृत्त पोस्टमास्तर. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं आणि सॉसेज बंद, डुकराची चरबी बंद, तळलेलं सगळं बंद करून टाकलं. नर्सबाईंनी हातात एक पत्रक दिलं. अर्धं ताट भाज्या, पाव ताट धान्य, पाव ताट मांस, तेही बिनचरबीचं, हरणाचं असेल तर उत्तम. झालं! त्या दिवसापासून सिरिल भेटेल त्याला संतुलित आहाराचे धडे देऊ लागला. लोक त्याला लांबून बघून रस्ता बदलायचे.

आज मात्र गिऱ्हाईक आयतंच घरी येणार होतं. मुलगी नेझा हिचे होणारे सासू-सासरे जेवायला यायचे होते. सासरा राय्को, लाकडाच्या गिरणीचा मालक. सासू विदा. आणि त्यांचा मुलगा गाश्पर, ज्याच्यावर नेझाचा जीव जडला होता. आज सगळं नीट पार पडलं, तर उद्या राय्कोच्या घरी लग्नाची तारीख ठरणार होती.

फ्रीजमध्ये मांसाची दोन पुडकी होती, दोन्ही गुरुवारच्या शिकारीतली. सिरिल गावच्या शिकारमंडळाचा सभासद होता. एक हरणाचं, एक रानडुकराचं. आता रानडुकराचं मांस म्हणजे जीवाशी खेळ. त्यात बारीक किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. म्हणून तुकडा तपासायला जनावरांच्या डॉक्टरकडे जातो, आणि रिपोर्ट येईपर्यंत शिकारमंडळाचा एकही माणूस त्या मांसाला सुरी लावत नाही. घरी नेणं तर दूरच! पण चांगला तुकडा दुसऱ्याने पळवू नये म्हणून सिरिलने तो गुपचूप घरी आणला होता. रिपोर्ट रविवारी, चर्चची प्रार्थना सुटल्यावर येणार होता.

आमच्याकडे शिकार पडली की जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात. शेवटचा घास म्हणून. सिरिलने ती प्रथा पुढे नेऊन हरणाच्या पुडक्यावर खूण म्हणून फरच्या झाडाची डहाळी खोचून ठेवली होती. आणि मिलेनाने शुक्रवारी फ्रीज पुसताना, "काय हा कचरा!" म्हणत ती काढली. मग शिकाऱ्यांच्या डहाळीला उगाच हात लावला म्हणून जरा चरकली, आणि जे पुडकं पुढे दिसलं त्याच्यावर खोचून मोकळी झाली.

सिरिलने डहाळी पाहिली, पुडकं सोडलं आणि खूश झाला. "काय धष्टपुष्ट हरीण आहे!"

वाइन, जुनिपरची फळं, काळी मिरी. मग कडकडीत तवा. हातात घड्याळ. मांस आतून गुलाबी राहिलं पाहिजे, असा त्याचा हुकूम होता.

"अरे, अजून तासभर राहू दे," मिलेना म्हणाली.

"जीवनसत्त्वं मरतात!"

"पाहुणे जगतील ना पण?"

सिरिलने घड्याळ पाहिलं आणि मांस तव्यावरून उतरवलं.

जेवायला सगळे बसले. लाल कोबी, बीट, कुट्टूची लापशी आणि मधोमध ते मांस, कापल्याबरोबर लालसर पाणी सोडणारं. राय्कोने काट्याने तुकडा उलटा केला, सुलटा केला.

"हे... झालंय ना?"

"झालंय म्हणजे! हेच तर कसब आहे, राय्को! घ्या, लाजू नका!"

सिरिल आणखी वाइन आणायला तळघरात उतरला, आणि वर येऊन बघतो तर सगळी ताटं चकाचक! त्याला धन्य धन्य वाटलं. आनंदाच्या भरात त्याने स्वतः तीनदा वाढून घेतलं. पाहुणे जरा घाईघाईनेच उठले, पण जाताना विदाबाई म्हणाल्या, "उद्या दुपारी आमच्याकडे या. बोलून टाकू तारखेचं."

पाहुणे गेल्यावर सिरिलने दुसरं पुडकं सहज उघडलं. आत शिकारमंडळाची चिठ्ठी होती. 'हरीण. नर. पाठीचा भाग.'

त्याने ती दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. म्हणजे आज आपण... होणाऱ्या व्याह्यांना... रानडुक्कर... आणि तेही गुलाबी!

त्याने जनावरांचे डॉक्टर ब्लाझ यांना फोन लावला.

"डॉक्टर, समजा, कुणी चुकून रिपोर्टच्या आधी डुक्कर खाल्लं तर?"

"कोणी खाल्लं?"

"कुणीच नाही! समजा म्हटलं!"

"शिजवून?"

"...गुलाबी."

"सिरिल, कोण गाढव डुक्कर गुलाबी ठेवतं?"

"तेच म्हणतोय मी! कोण गाढव!" असं म्हणून त्याने फोन आपटला.

मग कपाटातून घरगुती वैद्यकाचं जुनं पुस्तक काढलं. कधी काढू नये ते पुस्तक! आधी पोट दुखतं. मग पापण्या सुजतात. मग अंग दुखतं. त्यापुढचं पान त्याने उलटलंच नाही. नेझा शेजारच्या खोलीत गाणं गुणगुणत लग्नाच्या पाहुण्यांची यादी करत होती, आणि इकडे हा भिंतीला टेकून मनात एकेकाचं नाव घेत होता. राय्को, विदा, गाश्पर, मिलेना. नेझाच्या नावापाशी आला की पुढे जाववेना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

रविवारी चर्चमध्ये तर कहरच झाला! राय्को डोळे चोळत आला. पापण्या टम्म!

"काय झालं हो डोळ्यांना?" सिरिलचा आवाज चिरकला.

"भुसा गेला. लाकडाच्या धंद्यात हे चालायचंच."

भुसा! सिरिलला सगळं कळून चुकलं. तिकडे विदाबाई प्रार्थना संपेपर्यंत दोन्ही हात पोटावर दाबून बसल्या होत्या. गाश्पर खांदा चोळत होता. पाद्रीबाबा मरणानंतरच्या जीवनावर बोलत होते, आणि सिरिलला वाटलं, हे खास आपल्यासाठीच चाललंय.

दुपारी राय्कोच्या घरी सूप आलं. कुणी चमचा उचलायच्या आत सिरिल उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"तारखेच्या आधी मला एक सांगायचंय. काल तुम्ही जे खाल्लंत ते हरीण नव्हतं. रानडुक्कर होतं. रिपोर्ट अजून आलेला नाही." त्याने हात जोडले. "मला शिकारमंडळातून काढा, पोलिसांत द्या, काय वाटेल ते करा. पण लग्न मोडू नका. पोरीचा यात काही दोष नाही. आणि आत्ताच्या आत्ता सगळे दवाखान्यात चला!"

मग राय्को खाकरला.

"म्हणजे... मी काही खाल्लं नाही. तुम्ही तळघरात गेलात ना, तेव्हा रुमालात गुंडाळलं आणि तुमच्या चुलीत टाकलं. माफ करा."

"मी पर्समध्ये घातलं," विदाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "ते पाझरून कोटाला डाग पडलाय पोटावर. सकाळभर हात ठेवून लपवत होते."

"मी खिडकीतून भिरकावलं," गाश्पर म्हणाला. "इतक्या जोरात, की खांदा लचकला."

सिरिलने मिलेनाकडे पाहिलं.

"मी वाढूनच घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "मी काय वेडी आहे?"

सिरिलला आनंद मानावा की अपमान, तेच कळेना. मंडळी वाचली! पण खिडकीतून? चुलीत? त्याने हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात नेझा हळूच बोलली.

"बाबा, मी खाल्लं."

"काय?"

"सगळं खाल्लं. शेवटच्या तुकड्यापर्यंत. तुला वाईट वाटलं असतं ना."

सिरिल मटकन खुर्चीत बसला. आत्तापर्यंतची भीती म्हणजे काहीच नव्हती. त्याने पोरीचा हात धरला, तिच्या पापण्या निरखल्या, कपाळाला हात लावला. गाश्पर तर गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत पोचलासुद्धा. आणि नेमका तेव्हाच सिरिलच्या खिशातला फोन वाजला. डॉक्टर ब्लाझ! सिरिलला बटण दाबवेना. शेवटी मिलेनाने फोन हिसकावला, कानाला लावला आणि दोन वेळा नुसतं "हं" म्हणाली.

"रिपोर्ट स्वच्छ आहे," तिने सांगितलं. "एकही किडा नाही. आणि काल फोन करणारं गाढव कोण ते त्यांनी ओळखलंय."

सिरिल ढसाढसा रडला. भर टेबलावर, व्याह्यांसमोर, सूप निवत असताना! राय्कोने त्याच्या पाठीवर थाप मारली. "अहो, आता पुरे! मे महिन्यातला दुसरा शनिवार, चालेल?" चालेल म्हणून त्याने मान हलवली आणि नेझाला जवळ घेतलं. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती.

"बाबा, आता धोका टळलाय, तर खरं सांगू?"

"सांग ना, पोरी."

"अगदी भिकार झालं होतं रे!"