सगळ्यात भरवशाचा गडी

कुरियर कंपनीच्या कचेरीत त्याला सगळे 'चौकशी' म्हणत, कारण चौकशीच्या खिडकीत बसून तो दिवसभर लोकांना माहिती देई. आता पार्सल कुठं अडकलंय हे सांगता सांगता माणूस जगातल्या बाकीच्या गोष्टींचीही माहिती देऊ लागला, तर त्यात त्याचा तरी काय दोष? त्याला इंजिनं कळत, हवामान कळे, आणि पोहणं तर इतकं कळे की लेकीनं आईला बजावून ठेवलं होतं, मी क्लासला जाणार नाही, मला बाबाच शिकवणार. यातलं त्यानं स्वतः काय केलंय, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. चौकशीच्या खिडकीची चौकशी कोण करतो?

बोलिंगच्या हॉलमध्ये कचेऱ्यांचे सामने लागल्याचं साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, तेव्हा बाकीचे डब्यात डोकं घालून बसले. चौकशीनं मात्र हात पुसले आणि सुरुवात केली. पहिल्याच बॉलला दहाच्या दहा पिना आडव्या, की स्ट्राइक. उरलेल्या दुसऱ्या बॉलला पाडल्या, की स्पेअर. लागोपाठ तीन स्ट्राइक म्हणजे टर्की. मागच्या दोन कोपऱ्यांत एकेक पिन उभी राहिली तर त्यांना म्हणायचं बेडपोस्ट, पलंगाचे खांब, आणि ते पाडताना भल्याभल्यांना घाम फुटतो. हे सगळं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं, तेही आडवं पडून. पण सांगताना मनगट असं काही वळवलं की हिशेबाच्या बाईंनी चमचा खाली ठेवला.

शेवटी त्यानं अँकर समजावला. संघातला सगळ्यात भरवशाचा गडी शेवटी टाकतो, तो अँकर.

"मग अँकर तुम्हीच," साहेब म्हणाले.

इथं सुटायला जागा होती. मला येत नाही, एवढं म्हटलं की काम भागत होतं. पण सवयीचं तोंड, ते गप्प बसतंय थोडंच! तो म्हणाला, "बघू. सराव सुटलाय जरा."

संध्याकाळपर्यंत ही बातमी लेकीच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अख्ख्या वर्गाच्या. सामन्याला ती येणारच होती.

सामन्याच्या दिवशी समोर छापखान्याचा संघ होता. त्यांचा फोरमन स्वतःचा बॉल स्वतःच्या पिशवीतून घेऊन आला होता आणि तो फडक्यानं पुसत होता. चौकशीनं हॉलचे बूट चढवले, लेकीकडे बघून हात हलवला, ऐटीत धावत गेला आणि बॉल सरळ बाजूच्या पन्हळीत घातला. "गटर," त्यानंच जाहीर केलं. "लेनच्या फळ्यांवर तेल कमी आहे आज." दुसराही गटर. तेव्हा तेल जास्त होतं. तिसऱ्या खेपेला बॉल हातातून मागेच सुटला आणि साहेबांच्या पायापाशी येऊन थांबला. साहेबांनी पाय वर घेतले ते बराच वेळ खाली ठेवले नाहीत.

पण नशीब बघा. हिशेबाच्या बाई नाकासमोर बघून बॉल सोडत होत्या आणि पिना पटापट पडत होत्या. कचेरीच्या ड्रायव्हरचा हात तर बसलेलाच निघाला. शिवाय नवख्या संघाला वाढीव गुण मिळतात, ते धरून, आणि अँकरचा भोपळा वजा जाऊनही, सामना संपला तेव्हा कचेरी चक्क पुढे होती.

तेवढ्यात फोरमन उठला आणि हॉलच्या मॅनेजरबाईंकडे गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. हा माणूस बेडपोस्ट म्हणतो, लेनच्या तेलावर बोलतो, सराव सुटलाय म्हणून याच्या साहेबांनीच आम्हाला सांगितलं. असा माणूस एकही पिन पाडत नाही? हा सँडबॅगर आहे, वाढीव गुण लाटायला मुद्दाम वाईट खेळतोय. "आणि तो मागे टाकलेला बॉल," फोरमन म्हणाला, "तसा टाकायलासुद्धा वर्षानुवर्षांचा सराव लागतो."

मॅनेजरबाई गंभीर झाल्या. असं असेल तर संघ बाद. त्यांनी चौकशीला विचारलं, तुम्ही मुरलेले खेळाडू आहात का? तो तोंड उघडणार, तोच मागच्या स्टुलावरून खणखणीत आवाज आला.

"हो! माझे बाबा चॅम्पियन आहेत. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये."

फोरमननं हात पसरले. हा घ्या साक्षीदार.

साहेब कानाशी येऊन कुजबुजले, अहो, सांगा ना, काही येत नाही म्हणून. ड्रायव्हर आणि हिशेबाच्या बाई आशेनं बघत होते, कारण त्यांनी खरोखरच घाम गाळला होता. आणि लेक बघत होती, अभिमानानं. जमीन दुभंगली तर बरं, असं त्याला वाटलं, पण जमीन तेल लावून गुळगुळीत केलेली होती, ती कसली दुभंगते.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांगा," मॅनेजरबाई म्हणाल्या. "सगळ्या लेनला ऐकू जाऊ द्या."

"मला बोलिंग येत नाही. बॉल आज पहिल्यांदा हातात घेतला. जे बोललो ते सगळं मोबाइलवर बघून."

फोरमन त्याच्याकडे निरखून बघत राहिला आणि मग त्याची समजूत पटली. इतकं लाल झालेलं तोंड कुणाला मुद्दाम करता येत नाही, असं तो म्हणाला. हॉलभर टाळ्या पडल्या. कप कचेरीला मिळाला, आणि साहेबांनी तो मोठ्या मनानं अँकरच्याच हातात दिला. आयुष्यात इतकं जड काही त्यानं उचललं नव्हतं. लेकीच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची हिंमत झाली नाही.

घरी जाताना कप तिच्या मांडीवर होता. बस दोन थांबे पुढे गेली. मग तिनं कपात डोकावून बघितलं आणि हळूच विचारलं, "बाबा, रविवारी तू मला पोहायला शिकवणार आहेस ना?"

"हो. आधी फ्लोटिंग. म्हणजे काय, अंग सैल सोडायचं, हनुवटी..."

ती नुसती बघत राहिली.

बापानं हनुवटी खाली घेतली. "क्लासचं आईला विचारू," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "दोघांचं नाव घालूया."