विहिरीत पडलेल्या चष्म्याच्या मोहिमेची हकिकत

बाळांनो, डोळे मिटा आणि मनात एक विहीर आणा. शेतांच्या मधोमध, दगडी, पुरातन, महापवित्र. काठावर पाटी: 'हिला तळ नाही.' ती पाटी लाविली विहीर समितीचे अध्यक्ष, अखंडभाषणकर्ते, शालधारी यांनी. आणि त्यांचाच हुकूम की विहिरीत पडेल ते विहिरीचे, कोणी काढू नये, कोणी मागू नये.

त्या हुकुमाखाली शेजारच्या घरातील आठ वर्षांच्या मुलीची पत्र्याची बादली सोमवारी गारद जाहली. दोराची गाठ सुटली. घरी बादली तेवढी एकच. मुलीने अर्ज केला, आणि अध्यक्षांनी फर्माविले की बादलीचे भाग्य थोर, रडू नये. मग चार दिवस तिची आई दोराला पातेले बांधून पाणी शेंदीत राहिली.

शुक्रवारी सोहळा जाहला. पाहुणे आले, खुर्च्या मांडिल्या, आणि विहिरीची अथांगता दाखवावी म्हणून अध्यक्ष काठावर वाकले, तो नाकावरील चष्मा डुबुक! हाती भाषणाचे कागद, आणि अक्षर एक दिसेना. मग मसलत बसली आणि जुना हुकूम चष्म्यास लागू नाही, असे एकमताने ठरले. मग गळ आणविला, खजिनदार काठावर पालथे पडले, चिटणिसांनी त्यांचे पाय धरिले, आणि गळ पंधरा हातांवर तळास टेकला. पाटीकडे कोणी पाहिले नाही.

दोन हल्ले वाया गेले. तिसऱ्यास वर आली ती बादली, बादलीत गाळ, आणि गाळात चष्मा.

मुलीने धावत येऊन कडी धरिली. अध्यक्षांनी तत्काळ फर्मान काढिले की चष्मा आमचा, बादली मात्र विहिरीची. हुकूम तो हुकूम.

"बरं काका," मुलगी म्हणाली, आणि बादली चष्म्यासकट विहिरीवर धरिली. "परत टाकते मग."

"अगं ए, थांब! थांब म्हणतो ना!"

"विहिरीची आहे ना पण?"

"तुझीच आहे बाई, तुझीच! ने घरी!"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि दप्तरी विजय अध्यक्षांच्या नावे चढला. बादलीचा उल्लेख जागेअभावी राहिला. मुलीने चष्मा फ्रॉकला पुसून काकांच्या हाती ठेविला. त्यांनी तो चढवून भाषण सुरू केले, "हिला तळ नाही," आणि मुलीने दोराला दोन गाठी मारिल्या, बादली भरिली आणि आईला हाका मारीत घरी गेली.