नाबालचे बारसे

"माणसाचं भवितव्य त्याच्या नावात असतं, आणि पुढच्या शतकाचं भवितव्य अमेरिकेत आहे!" असे त्रिविक्रमराव देवस्थळींनी जाहीर केले, आणि त्यांच्या खांद्यावरचे आठ दिवसांचे भवितव्य त्यांच्या शर्टावर ओकले.

घोषणेला कारण होते. बंगलोरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्यांच्या कंपनीतून एकच माणूस दोन वर्षांसाठी अमेरिकेला जायचा होता आणि निवड हॅरिससाहेबांच्या हाती होती. साहेब बायबल वाचतात, हे त्रिविक्रमरावांनी मोठ्या चातुर्याने शोधून काढले होते. ते साहेबांच्या टेबलावरच असे.

पत्रिकेत अक्षर निघाले 'ना'. त्रिविक्रमराव अ‍ॅव्हेन्यू रोडवरून जुने बायबल घेऊन आले आणि शेवटी दिलेल्या नावांच्या यादीवरून बोट फिरवू लागले.

"अहो, नाथन आहे की," प्रमोदिनी म्हणाली. ती बंगलोरच्याच चामराजपेठेत जन्मलेली, मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेली.

"नाथन आमच्या गेटवरचा वॉचमन आहे!"

"मग नाहूम?"

"खोकल्यासारखं वाटतं. हे बघ, नाबाल! तीन हजार मेंढरं, हजार शेळ्या. 'फार मोठा मनुष्य' असं छापलंय. झालं!" आणि त्यांनी पुस्तक मिटले.

"अय्यो, स्वल्प पुढं तरी वाचा."

"श्रीमंती कळली, पुढं काय वाचायचं?"

प्रमोदिनीने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा बाळाकडे. "सरी, बरं," ती म्हणाली. चार वर्षे बंगलोरात राहूनही कन्नडचे एक अक्षर वाचता न येणे ही त्रिविक्रमरावांची खास मिळकत होती. त्यामुळे जन्मनोंदणीचा कन्नड अर्ज तिनेच भरला. त्यांनी खाली इंग्रजीत झोकदार सही ठोकली.

मग त्यांनी चांदीच्या वाटीवर 'नाबाल' कोरून घेतले, दीडशे पत्रिका छापल्या आणि पहिली साहेबांना नेऊन दिली. "तुमच्या धर्मग्रंथातलं नाव ठेवतोय, सर." साहेबांनी पत्रिका वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि "नक्की येतो" म्हणाले. त्रिविक्रमरावांनी त्याच संध्याकाळी दोन मोठ्या सुटकेसा आणल्या.

बाराव्या दिवशी पाळणा सजला. पुण्याहून आलेल्या वसुमती आत्याने बाळाच्या कानात कुर्र केले आणि नाक मुरडून ओरडली, "नाबाल! आमच्या सात पिढ्यांत नाही हो असलं!"

"आमच्याही नाही," मराठी समजणारे हॅरिससाहेब इंग्रजीत म्हणाले. त्यांच्या हातात घुगऱ्यांची वाटी होती. "आमच्याकडे गल्लीत चार डेव्हिड भेटतात. पण साठ वर्षांत नाबाल नावाचं मूल मी पाहिलेलं नाही. तुम्ही धाडसी बाप आहात. अध्याय वाचलात?"

"महत्त्वाचा भाग वाचला, सर. मेंढरं."

"पुढे त्याचीच बायको चाल करून आलेल्या डेव्हिडला सांगते, 'याचं मनावर घेऊ नका; नावाप्रमाणेच आहे हा.' हिब्रूत नाबाल म्हणजे मूर्ख."

आत्याला इंग्रजी कळत नसल्याने तिने मोठ्याने विचारले, "काय म्हणाला गं तो?" प्रमोदिनीने तितक्याच मोठ्याने मराठीत सांगितले.

"तुला माहीत होतं?" त्रिविक्रमरावांचा आवाज चिरकला.

"आठवीत होता आम्हाला तो धडा. पुढं वाचा म्हटलं होतं."

"अगं, पण सरकारदरबारी नोंद झाली! पोरगा जन्मभर मूर्ख राहणार!"

"नाही राहणार. अर्जात मी नारायण लिहिलंय. 'ना'च आहे. खाली सही तुमचीच."

त्रिविक्रमरावांनी आधारासाठी साहेबांकडे पाहिले. साहेब घुगऱ्या संपवून हात पुसत होते.

"मिस्टर देवस्थळी, अमेरिकेला जाणाऱ्याला रोज चाळीस पानांचे करार वाचावे लागतील," ते म्हणाले, "शेवटपर्यंत. त्यामुळे मी तुमच्या जागी दुसरं नाव कळवतो." मग त्यांनी पाळण्याशी वाकून अगदी शुद्ध उच्चारात "नारायण" म्हटले, प्रमोदिनीला नमस्कार केला आणि निघाले.

बाळाने भोकाड पसरले. त्रिविक्रमराव चांदीची वाटी हातात घेऊन दिवाणखान्याच्या मधोमध उभे होते.

"आता मी काय करू, प्रमोदिनी?"

"दोरीवरचा लंगोट आणा," ती म्हणाली. "वाळलेला बघून."