अक्का सापडली नाही

आमच्या वाशी गावच्या दूध संकलन केंद्रात दिगूभाऊ संगणक सांभाळतात आणि यंत्रांना घरच्यांसारखी नावं देतात. वजनकाटा म्हणजे तात्या, फॅट मोजणारं यंत्र बाळू, शेतकऱ्यांच्या मोबाइलवर संदेश धाडणारा भाग अक्का. सकाळी पडद्याकडं बघत पुटपुटतात, "तात्या आले, बाळू आला, अक्का आली. चला, घर भरलं."

मी व्यवस्थापक. मला त्यांनी एकदा चहावर सगळं समजावलं. दुधाची माहिती कुणाकडून कुणाकडं जायची, तो मार्ग वेगळा लिहिलेला. त्यात नुसती नावं. त्या नावामागं यंत्र कोणतं, हे संगणकातल्या दुसऱ्या नोंदीत. मार्गानं तात्या म्हटलं की नोंदीत बघून खरा काटा पुढं येतो. काटा बदलला तर फक्त नोंद बदलायची.

"नाव तेच ऱ्हातंय सर, मागचा गडी बदलतोय. पर नाव घावलं न्हाय की समदं ठप्प."

हा न्याय ते गावालाही लावतात. कोपऱ्यावरच्या दुकानात तिसरा न्हावी आलाय, दिगूभाऊ त्याला पहिल्याच्याच नावानं हाक मारतात. तोही आता ओ देतो.

मध्यंतरी पुण्याहून साहेब तपासणीला येणार होते. मला त्या नावांची लाज वाटली. दिगूभाऊ रजेवर असताना मी सुरुवात म्हणून नोंदीतली अक्का खोडून 'संदेश विभाग' केलं. मार्गात अक्का तशीच राहिली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या सकाळी काहीच सुरू होईना. बाहेर किटल्यांची रांग, ऊन चढायला लागलेलं, दूध नासलं तर पाप माझं. पडद्यावर दिगूभाऊंनीच कधीतरी लिहून ठेवलेला इशारा: अक्का सापडली नाही.

दिगूभाऊ आले. वाचलं. चेहरा उतरला. मी बोलणी खायला मान खाली घालून उभा. पण त्यांनी संगणकाला हातच लावला नाही, खिशातून फोन काढला.

"अक्का, म्या दिगू. बरी हायस न्हवं?"

माकणी गावाला त्यांची थोरली बहीण असते, तिला ते अक्का म्हणतात. आई गेल्यापासून दोघांत अबोला होता, हे मला नंतर कळलं.  पलीकडून इतका मोठा आवाज आला की रांगेतल्यांनीही ऐकला.

"आज सुचलं व्हय रं तुला? जेवायला ये."

त्यांनी डोळे पुसले, नाव पूर्ववत केलं. काटा चालू झाला. मी माफी मागायला लागलो, तर त्यांचं लक्षच नव्हतं. मोटारसायकलपर्यंत जाऊन परत आले.

"सर, रिकाम्या हातानं कसं जावं?"

रांगेत माझ्या घरचीही किटली होती. ती तशीच उचलून मी त्यांच्या हातात दिली.