कर्णिकबाईंचा पाऊण वाटी भात

कर्णिकबाईंकडे मी जेवायला गेलो की पाव उपाशी उठतो, आणि नाही गेलो की त्यांचा भात उरतो. चार दिवसांतले तीन दिवस मी जातो, म्हणून बाई माझ्या नावाने रोज पाऊण वाटी तांदूळ टाकतात.

बाईंनी दिल्लीतल्या शाळांत उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं. करोल बागेत त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या डोक्यावर, गच्चीतल्या खोलीत. "काहीही सांग," त्या म्हणतात, "पण कोण आणि कितीदा, दोन्ही सांग." भाजीवाला म्हणाला, "माताजी, सब बढ़िया माल है," की बाई विचारणार, "सौ में कितने बढ़िया?" तो बिचारा आता त्यांना बघितलं की गाडी पुढे ढकलतो.

हे सगळं क्लोरीनमुळे. त्यांच्या भिंतीवर शाळेतला एक तक्ता अजूनही आहे. यंत्राने अणू वजनाप्रमाणे वेगळे केले की ज्या उभ्या रेघा उमटतात, त्यांचा. क्लोरीनच्या दोन रेघा : पस्तीस वजनाची उंच, सदतीसची तिच्या एक तृतीयांश.

"म्हणजे चारातले तीन अणू पस्तीसचे, एक सदतीसचा. सरासरी साडेपस्तीस. आणि वर्गातली गाढवं लिहायची छत्तीस, दोघांना सारखं धरून. अरे, जो कमी आढळतो त्याचा वाटा कमी."

"पण साडेपस्तीसचा अणू एकही नसतो ना बाई?" मी म्हणालो. "तसाच पाऊण वाटी खाणारा माणूसही नसतो." बाई मनापासून हसल्या, पण तांदूळ काही वाढला नाही.

रविवारी मात्र त्यांचं गणित चुकायचं. थोरला आशिष दर रविवारी गुडगावहून येतो, त्याची अख्खी वाटी ठीक आहे. धाकटा मिहीर नोकरी सोडण्यावरून भांडून गेला, तो दोन वर्षं फिरकलाच नव्हता. फोनही नाही. तरी बाई त्याचीही अख्खी वाटी टाकायच्या.

"बाई, हे तर छत्तीस झालं," मी एकदा चिडवलं. त्या उरलेला भात डब्यात भरत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

गेल्या रविवारी आम्ही पानावर बसणार, इतक्यात बेल वाजली. आशिषने दार उघडलं. बाहेर मिहीर उभा, खांद्यावर बॅग, नजर खाली.

"आई, भूक लागलीये. कुछ है क्या?"

"दर रविवारी असतं," बाई म्हणाल्या आणि ताट आणायला आत गेल्या. एक ताट आणायला त्यांना बराच वेळ लागला. आशिषने तोवर भावाच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली होती. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी पातेल्यात शीत उरलं नाही. मी नेहमीप्रमाणे पाव उपाशीच उठलो, पण जिना चढताना मला फार बरं वाटत होतं.